जिन्याखालचा कोन

माझ्या बापाला लालबागच्या आमच्या चाळीत बारा वर्षं तांदूळचोर म्हणत होते. तोंडावर नाही हां. तोंडावर सगळे ‘मेस्त्री, मेस्त्री’. पाठ वळली की चालू. नळावर, गणपतीच्या वर्गणीला, कुणाच्या बारशात. मी ऐकलंय, माझ्या आईने ऐकलंय, आणि त्यानेही ऐकलं असणारच, त्याचे कान काही फुटले नव्हते. त्याला एक दाणा चोरायचा नव्हता. हे दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं, एक तो आणि दुसरी मी. आणि मी, त्याची सख्खी मुलगी, गप्प बसले. ते कसं आणि का, तेच सांगायचंय.

नाव हरेश्वर मेस्त्री. मालवणाकडचा सुतार, गिरणीत सुतारखात्यात बावीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत. अंगाने काटकुळा, बोलायला महाकंजूष. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत असेल, त्यातली दहा लाकडाशी. पण जिना करावा तर त्याने. आमच्या भागातल्या किती चाळींचे जिने त्याच्या हातचे होते देव जाणे. तो फुटपट्टीने मोजत बसायचा नाही. त्याच्याकडे एक गुण्या होता, दोन पात्यांचा, मधे स्क्रू. हवा तेवढा उघडायचा, स्क्रू आवळायचा, की तो कोन पक्का. जिन्याच्या कडेची तिरकी फळी खालच्या मजल्याला जिथे टेकते तिथे गुण्या लावायचा, आणि तोच गुण्या वर नेऊन वरचा काप घ्यायचा. वर काही मोजायचं नाही. विचारलं तर म्हणायचा, “जो खालचो, तोच वयलो.” एवढंच. फळी चढवली की फटीत पोस्टकार्ड शिरत नसे. तो खरंच पोस्टकार्ड घालून बघायचा.

आणि एक खोड. प्रत्येक जिन्याचा कोन तो सागवानी पट्टीवर कोरून ठेवायचा आणि ती पट्टी घरात खिळ्याला टांगायचा. आई वैतागायची. म्हणायची, लोक भिंतीवर देव टांगतात, आमच्याकडे लाकडाच्या ढलप्या. त्यातलीच एक पट्टी आमच्या चाळीच्या जिन्याची. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जाणारा लाकडी जिना कुजला होता, तो बाबाने एकोणऐंशी साली सुट्टीच्या दिवसांत फुकट करून दिला. चाळीने त्याला नारळ दिला होता. पुढे याच चाळीने काय दिलं ते कळेलच.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. सगळे गिरणीतून बाहेर आले ते आठ-दहा दिवसांत परत जायचंच आहे अशा थाटात. बाबाची पाणसळ, रंधे, पटाशा, सगळं गिरणीतल्या कपाटात कुलपात राहिलं. गुण्या तेवढा घरी होता, कारण आदल्या रविवारी तो कुणाची तरी खिडकी बसवत होता. महिने गेले. गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. सुतार आहे पण हत्यार नाही, असा माणूस घरात बसला की घर कसं होतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. तो कोपऱ्यात बसून गुण्या उघडायचा, मिटायचा. उघडायचा, मिटायचा. मला तो आवाज नकोसा व्हायचा.

आम्हाला जगवलं ते गावाकडच्या तांदळाने. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गावकरी मंडळाची खोली होती. गावातून एकटे आलेले गडी तिथे राहायचे, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक, मधे सगळ्यांची वळकटी. संपात ते गडी गावी गेले आणि खोली रिकामी झाली. मग गावागावांतून तांदूळ गोळा होऊन ट्रकने आला आणि त्या खोलीत रचला गेला. चाळीसच्या वर पोती, आणि कमी झाली की नवा ट्रक यायचा. चाळ कमिटीचा पुढारी शामराव घाडी, गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करणारा, आवाज असा की तीन मजले ऐकतील. किल्ली त्याच्या कमरेला. दर शनिवारी तो घराघराला मापाने तांदूळ द्यायचा. माणूस वाईट नव्हता, हे मला आज म्हणता येतं.

आता या खोलीची एक गोष्ट लक्षात ठेवा. खोलीच्या जिन्याकडच्या अर्ध्या भागात गावच्या देवाचा फोटो, भजनाचे टाळ-मृदुंग आणि पालखीच्या वस्त्रांची पेटी. त्या बाजूला चपला घालून कुणी जात नसे, पाय पसरून बसत नसे. तिथे गोणपाटाची पोती कोण ठेवणार? म्हणून सगळीच्या सगळी पोती दुसऱ्या बाजूला, मोरीच्या भिंतीला लागून, छतापर्यंत. आणि बरोबर त्याच्या खाली, पहिल्या मजल्यावर, तुळसाकाकीची खोली. तुळसाकाकी म्हणजे गिरणीत तीस वर्षं उभी राहून गुडघे गेलेली एकटी म्हातारी. मला लहानपणी तिनेच सांभाळलं. तिची खाट मोरीच्या भिंतीला.

गणपतीच्या आधी जिन्याची एक पायरी सैल झाली म्हणून बाबा जिन्याखाली शिरला. पायरी ठोकली आणि सवयीने घरची पट्टी आणून गुण्या त्या कोनाला लावला. खाली बरोबर. वर लावला. मला हाक आली.

“दमे, हयसर ये. ह्या बघ. काय दिसता तुका?”

मला काही दिसेना. मग त्याने खिशातून गावचं पोस्टकार्ड काढलं आणि गुण्याचं पातं आणि वरच्या मजल्याची फळी यांच्या मधे सरकवलं. ते आत गेलं. आरामात गेलं.

“माझो हात चुकलो असतलो,” तो म्हणाला. पण चेहरा तसा नव्हता.

चार दिवस तो झोपला नाही. पट्टी घेऊन दिवसातून दहा वेळा जिन्याखाली. लोक हसायला लागले, मेस्त्रीचं डोकं गेलं म्हणाले. संपात पुष्कळांची डोकी जात होती, त्यात नवल नव्हतं. दसऱ्याला पोस्टकार्ड सैल पडायला लागलं आणि आगपेटीची काडी आत जायला लागली. तेव्हा मात्र मी हसले नाही, कारण शाळेत नेमका तोच धडा चालू होता.

मी नववीत. हेरंब सर भूमिती शिकवायचे. दोन समांतर रेषा, त्यांना कापणारी एक तिरकी छेदिका. छेदिकेच्या एकाच बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज एकशे ऐंशी. मी फळ्यावर बघत होते आणि मला आमचा जिना दिसत होता. खालचा मजला एक रेषा, वरचा मजला दुसरी, जिन्याची फळी छेदिका. जिन्याखाली वाकून बसलं की दोन्ही आंतरकोन समोर, खालचा अरुंद, वरचा रुंद. मी उठून विचारलं, “सर, बेरीज कमी भरली तर?”

सर म्हणाले, “तर त्या रेषा समांतरच नाहीत. वाढवत न्या, ज्या बाजूला बेरीज कमी त्याच बाजूला एकमेकींना भेटतील.”

वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी अजून उभीच होते. भेटतील म्हणजे काय, सर? वरचा मजला खालच्याला भेटेल? मधे आमची तुळसाकाकी आहे!

घरी आले ती दप्तर टाकून सरळ जिन्याखाली. बाबाने गुण्या खाली लावला, मी तो वहीवर ठेवून रेघा मारल्या, कंपासपेटीतला कोनमापक लावला. पन्नास. वरचा घेतला. एकशे एकोणतीसच्या वर, एकशे तीसच्या खाली. मी तीन वेळा मोजलं. बाबाला सगळं समजावून सांगितलं, छेदिका, आंतरकोन. त्याने मान डोलावली, त्याला त्यात नवीन काही नव्हतं. त्याने फक्त एक विचारलं.

“कोणत्या बाजूक भेटतले?”

मी मोरीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे बघितलं. मग म्हणाला, वरचा मजला धरणाऱ्या तुळईचं तिकडचं टोक भिंतीत कुजलेलं असणार, मोरीचं पाणी मुरून, आणि वर पोती.

तो शामरावकडे गेला. मी दाराबाहेर उभी होते. बाबा म्हणाला, पोती खाली आणा, नाहीतर निदान अर्धी देवाच्या बाजूला सरकवा, म्हणजे भार जिन्याकडच्या टोकावर येईल. शामराव उखडला. “देवाच्या अंगावर पोती रचू? गावाला काय तोंड दाखवू? आणि मेस्त्री, आणखी एक सांगतो. चाळ धोकादायक आहे हे तोंडातून काढू नका. हा शब्द मालकाचा आहे.”

खरं होतं ते. एक्याऐंशीत मालकाने ‘चाळ धोकादायक, खाली करा’ म्हणून नोटीस लावली होती आणि सगळ्या चाळीने मिळून ती फाडली होती. तेव्हापासून जो कोणी छताकडे बोट दाखवील तो मालकाचा माणूस. संपात तर विचारूच नका. गुपचूप कामावर गेला या संशयावरून समोरच्या चाळीत एकाचं बिऱ्हाड रस्त्यावर फेकलं होतं. त्याच्या बायकोचा पोळपाट माझ्या पायाशी येऊन पडला होता, मी ते विसरले नव्हते.

दिवाळी कोरडीच गेली. काडी सैल झाली. तुळसाकाकी सांगायला लागली की कपाटाचं दार आपोआप उघडतं. कुणीतरी कपाटाखाली लाकडाची चीप ठोकून दिली. तीच आमची सगळ्यांची रीत. चाळीत खाट डुगडुगली की चीप, कपाट कललं की चीप. इतक्या चिपा ठोकल्या होत्या की कुठली जमीन कधी किती खचली याचा कुणाला पत्ताच नव्हता. पाणी ओतून दाखवावं तर जमीन मुळातच मोरीकडे उतरती, पाणी तिकडेच जाणार, त्यात काय सिद्ध होतं?

शेवटी बाबाने गॅलरीत कमिटीची बैठक बोलवायला लावली. हा माणूस, दिवसाला वीस वाक्यं बोलणारा, चाळीस लोकांपुढे उभा राहिला. आधी घरात आईशी खडाजंगी झाली. आई म्हणाली, “शनिवारी तांदूळ बंद केलो तर काय करू? तुमचो कोन रांधू काय?” त्याने सदरा चढवला. मग तिने मला मोरीत ओढलं आणि दंड आवळून म्हणाली, “तू तोंड उघडू नको, सांगान ठेवतंय.”

बैठकीत बाबा अडखळत बोलला. लोक चुळबुळ करत होते. शामराव म्हणाला, “मेस्त्री, चाळ पन्नास वर्षं एका अंगाला कलतेय. माझ्या बापाच्या वेळेपासून. मग?”

“सगळी चाळ कलली असती,” बाबा म्हणाला, “तर खालचा मजला पण कलला असता, वरचा पण. जिन्याचा कोन तोच राहिला असता. खालचा कोन तोच आहे. वरचा बदलला. म्हणजे एकटा वरचा मजला चाललाय.”

इतकं बरोबर, इतकं साफ मी आजवर कुणाला भूमिती समजावताना ऐकलेलं नाही. पण ऐकतो कोण? मागून एकजण ओरडला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! मालकाने किती दिले रे?” हशा झाला. बाबाची मान लाल झाली. तो म्हणाला, “माझ्या पोरीने मोजलंय. शाळेच्या मापाने. तिला विचारा.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. शामराव मऊ आवाजात म्हणाला, “बाळ, तू शिकलेली. तुझ्यावर आमचा विश्वास. किती भरते बेरीज?”

आई दारात उभी होती. शामरावच्या कमरेला किल्ली. माझ्या डोळ्यांपुढे तो पोळपाट आला. मला भूक लागलेली होती हेही खरं, त्या दिवसांत ती सतत लागलेलीच असायची. मी बाबाकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, “एकशे ऐंशी.”

“म्हणजे बरोबर आहे?”

“हो. बरोबर आहे.”

लोक उठले. कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, शाबास म्हणाला. बाबाने गुण्या मिटला आणि खिशात ठेवला. घरी आल्यावर मला वाटलं आता मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. त्या शनिवारी आम्हाला तांदूळ मिळाला आणि मी तो जेवले. मेलं माझं ते जेवण.

पंधरा दिवसांनी मोठा मोर्चा होता. सगळी चाळ जाणार, बाया-माणसं सगळी. बाबा म्हणाला, पोटात दुखतंय. आई रागाने एकटी गेली. मी शाळेतून दुपारी आले तर चाळ अशी रिकामी की माझ्याच चपलांची मला भीती वाटली. ओट्यावर तुळसाकाकी बसली होती, गुडघ्यावर पांघरूण.

“तुझ्या बापाने मला पाठीवर घालून खाली आणली गं,” ती म्हणाली. “नवरीसारखी! म्हणाला, इथेच बस, उठायचं नाही. काय झालंय त्याला?”

तिच्या बाजूला भिंतीशी चार पोती होती. मी जिना चढले. वर मंडळाच्या खोलीला कुलूप तसंच लटकत होतं, पण दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलेलं. सुताराला किल्ली कशाला लागते? आतून बाबा आला, पाठीवर पोतं, तोंड काळंनिळं. मला बघून थांबला. मला वाटलं, आता म्हणेल, तू जा इथून.

तो म्हणाला, “जिन्याखाली बस. थयसर माझा लाकूड आसा, काय होवचा नाय. गुण्या लावून ठेवलंय. फट बघ. वाढली तर ओरड.”

मी जिन्याखाली शिरले. गुण्याच्या पात्याजवळ त्याने बिडी खोचून ठेवली होती. पोस्टकार्ड नाही, काडी नाही, अख्खी बिडी त्या फटीत बसत होती. मी कोन वहीवर घेतला. एकशे अठ्ठावीस. पन्नास आणि एकशे अठ्ठावीस. एकशे अठ्ठ्याहत्तर. आणि तो माणूस त्याच मजल्यावर पोती उचलत फिरत होता! प्रत्येक पावलाला माझ्या डोक्यावर माती गळायची. तो वर गेला की मी श्वास धरायचे, खाली उतरला की सोडायचे. मध्येच तुळई करकरली, लांबलचक, आणि मी ओरडले. तो वरून म्हणाला, “फट वाढली?” मी बघितलं. नव्हती वाढली. “नाही!” “मग गप रव.”

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, अर्धपोटी, अर्ध्या क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन दोन मजले उतरायचा. मी मोजत गेले. पंधराव्याला बिडी चेपली. विसाव्याला ती दाबली जाऊन बाहेर सटकली आणि खाली पडली.

“बाबा, बिडी पडली!”

“वाढली?”

“नाही हो! चेपून पडली, फट मिटतेय! आता जात नाही आत!”

तो पोत्यासकट पायरीवर बसला आणि हसला. संपात मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. मला रडू फुटलं, म्हटलं, “बाबा, मी तेव्हा…” त्याने हाताने गप्प केलं आणि उठला. सव्विसाव्या पोत्याला फटीत फक्त काडी राहिली. आणि तेव्हाच खाली घोषणा ऐकू आल्या. मोर्चा परतला होता.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. लोकांनी काय बघितलं? मोर्चाला दांडी मारलेला मेस्त्री, उखडलेलं दार, ओट्यावर संपाचा तांदूळ. गिऱ्हाईक आता हातगाडी घेऊन येणार असेल, हा पहिला तर्क. कुणीतरी कानफटीत मारली, ओठ फाटला. तो एकच सांगत होता, “कोन मोजा. आता मोजा, मी सांगतो तसं मोजा.” तुळसाकाकी ओट्यावरून ओरडत होती, “अरे मेल्यांनो, मला का खाली आणली ते विचारा!” एकजण म्हणाला, म्हातारीने बघू नये म्हणून. घ्या आता.

मी जिन्याखालून बाहेर आलेच नाही. वही छातीशी धरून बसून होते. शामरावने पोती मोजली, सगळी भरली, तेव्हा तो म्हणाला, नेलं काही नाही, सोडा त्याला. मग त्याने फर्मान काढलं. वरची खोली आता भरवशाची नाही, चोराला दार कळलंय. उरलेली सगळी पोती आजच्या आज खाली आणा, ओट्याशेजारच्या खोलीत ठेवा आणि आळीपाळीने पहारा द्या. तासाभरात वरची खोली रिकामी झाली. बाबा ओठाला फडकं लावून बघत होता. त्याला हवं होतं ते झालं होतं, आणि त्याचं नाव गेलं होतं.

मजला पडला नाही. म्हणून तो पडणार होता हे कुणाला कधी कळलंच नाही. पडला असता तर बाबा देव झाला असता, दोन-चार माणसं मेली असती तर आणखी मोठा देव. पुढे संप विरून गेला, कुणी सांगितलंही नाही की संपला. गिरणीने बाबाला घेतलं नाही, हत्यारं परत दिली नाहीत. उसन्या करवतीवर तो दादर-परळला कुणाचे पोटमाळे, कुणाच्या शिड्या करत राहिला. आमच्या चाळीने त्याला खिळा ठोकायलाही बोलावलं नाही. जिन्याखाली मात्र तो रोज जायचा. बारा वर्षं, रोज. मी नोकरीला लागले, टपाल खात्यात, लग्न होऊन माझगावला गेले. तरी कुणी रात्रीबेरात्री दार वाजवलं की वाटायचं, लालबागहून निरोप आला असेल, मजला आला असेल खाली.

चौऱ्याण्णवला दुरुस्तीचं काम निघालं. मी त्या दिवशी माहेरी होते. कंत्राटदाराच्या माणसांनी मंडळाच्या खोलीतली जमीन उघडली, मोरीची भिंत फोडली, आणि एकदम हातोडे थांबले. सगळी चाळ गॅलरीत जमली. तुळईचं भिंतीतलं टोक उघडं पडलं होतं. वरून रंग, आत काही नाही. कामगाराने मूठ आत घातली ती कोपरापर्यंत गेली, बाहेर काढली तर हातात भुसा. तो म्हणाला, “ये किसके भरोसे खडा था?”

शामराव आता काठी टेकत चालायचा. त्याने तो भुसा हातात घेतला. बोटांनी चुरला. मग बाबाकडे वळला. बाबा साठीचा, खोकल्याने पार वाकलेला.

“मेस्त्री,” शामराव म्हणाला, आणि तो तीन मजल्यांचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “हे तेव्हापासून असं होतं?”

 बाबाने गर्दीत मला शोधलं. बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

“दमे, त्या बैठकीच्या दिवशी बेरीज किती भरलेली गो?”

 गॅलरीत तीच माणसं होती, बरीचशी तीच. मी मोठ्याने म्हटलं, “एकशे एकोणऐंशीच्या वर, एकशे ऐंशीच्या खाली, बाबा.”

“मग तेव्हा एकशे ऐंशी का म्हणालीस?” शामरावने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण बाबाच बोलला. “चौदा वर्षांची होती. घरात तुमचो तांदूळ शिजत होतो.”

 शामराव काठीवर ओणवा झाला. आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा माझ्याजवळ आला, मी आता चौदाची नाही, सव्वीस वर्षांची बाई, तरी त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बरोबर मोजलेलंस,” म्हणाला, आणि बिडी पेटवायला जिन्याकडे गेला.